डोंगरवाटेवरील मॅरेथॉन : पूर्वतयारी आणि दक्षता

लांब पल्ल्याच्या धावण्याची आवड महाराष्ट्रात गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढली आहे. मुंबईत २००४ साली सुरू झालेल्या मॅरेथॉनने या आवडीस मोठी चालना दिली. पुढे जिल्ह्याच्या, इतकेच नव्हे तर तालुक्याच्या ठिकाणीही अशा शर्यती होऊ लागल्या. आता हा ओघ डांबरी सडक सोडून सह्याद्रीच्या रानवाटांकडेही वळला आहे. गडकोट, खिंडी आणि डोंगरधारा यांवरून जाणाऱ्या दौडी भरविल्या जातात आणि ज्या गावांच्या शिवारातून त्या जातात तेथील ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य उपकेंद्र, महसूल व वन खात्यांचे कर्मचारी यांचा त्यांच्याशी प्रत्यक्ष संबंध येतो. कोणी परवानगी मागावयास येतो, कोणी मुक्कामासाठी शाळेच्या खोल्या मागतो, तर गावातील एखादा होतकरू तरुण गुरुजींना विचारतो, ‘मी या शर्यतीत उतरू का?’ या प्रश्नांना जबाबदारीने उत्तर द्यावयाचे तर अशा दौडीची तयारी म्हणजे नेमके काय, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

या तयारीविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ज्याची छाती दमदार तो डोंगर जिंकतो, असे सामान्यतः मानले जाते. वास्तविक चढावर माणसाला धाप लागते आणि तो आपोआप हळू होतो. तेथे शरीर स्वतःच लगाम घालते. उतारावर असा लगाम नसतो. डोंगरी दौडीत पाय निकामी होतात ते बहुधा उतारावर, आणि घोटा मुरगळणे, पडणे, वाट चुकणे हे प्रकारही तेथेच अधिक घडतात. म्हणून उतरण्याचा अभ्यास, स्वतःला आवरण्याची सवय आणि वाटेवरील चोख व्यवस्था या तीन गोष्टी डोंगरी मॅरेथॉनच्या तयारीचा पाया होत.

सडक वेगळी, डोंगर वेगळा

मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. १८९६ साली अथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती ४२.१९५ किलोमीटरची झाली आणि १९२१ मध्ये हेच अंतर प्रमाण म्हणून निश्चित करण्यात आले. या शर्यतीशी आपल्या भागाचा संबंध फार जुना आहे. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या पथकामागे सर दोराबजी टाटा यांची प्रेरणा होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा मेळाव्यात खेड्यापाड्यांतील शेतकरी अनवाणी धावताना त्यांनी पाहिले होते आणि त्या धावण्याने ते प्रभावित झाले होते. ज्यांचे पाय रोज बांधावरून आणि दगडगोट्यांतून चालतात, त्यांच्याजवळ लांब पल्ल्याचे सामर्थ्य असते, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच ध्यानात आलेली होती.

सपाट सडकेवर बेचाळीस किलोमीटरचा अर्थ सर्वत्र सारखाच असतो. डोंगरात मात्र केवळ अंतर सांगून काहीच कळत नाही. एकूण चढ किती, हेही सांगावे लागते. याचा अंदाज बांधण्याची एक जुनी रीत आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये असा ठोकताळा मांडला की, डोंगरात चालणाऱ्याने दर तीन मैलांस एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढासाठी आणखी एक तास मिळवावा. आपल्या मापांत हे प्रमाण सुमारे पाच किलोमीटरला एक तास आणि सुमारे सहाशे मीटर चढाला आणखी एक तास असे पडते.

आता सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन गडांना जोडणारी परिचित वाट उदाहरणादाखल घेऊ. सिंहगडाच्या कल्याण दरवाजाने उतरून विंझरच्या परिसरातून राजगड गाठावयाचा, संजीवनी माचीवरील अळू दरवाजातून बाहेर पडून डोंगरधारेने तोरण्याच्या बुधला माचीवर जावयाचे आणि बिनी दरवाजाने वेल्हे गावी उतरावयाचे, असा हा मार्ग भटकंती करणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी तुडविलेला आहे. या परिसरात अलीकडे हिवाळ्यात डोंगरी दौडीही होतात. हे गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० ते १,४०० मीटर उंच आहेत आणि पायथ्यापासून प्रत्येकाची चढण साधारण ६०० ते ७०० मीटरांची आहे. पायथ्यापासून हे तिन्ही गड चढावयाचे म्हटले तर चढ सुमारे २,००० मीटर भरतो. बेचाळीस किलोमीटरच्या एखाद्या दौडीत एवढा चढ असेल, तर वरील हिशेबाने चालण्यास अंतराचे सुमारे साडेआठ तास आणि चढाचे सव्वातीन तासांहून अधिक लागतील. धावणारा यापेक्षा लवकर पोहोचेल. परंतु चढामुळे वेळेत सुमारे चाळीस टक्क्यांची भर पडते, हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सडकेवर चार तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्याने डोंगरातही तीच वेळ मनाशी धरली, तर त्याचे पाणी, अन्न आणि उजेड या सर्वांचे गणित चुकते.

उतारावर पायांचे काय होते

चढताना मांडीचे स्नायू आखडून शरीर वर उचलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि गाडीच्या ब्रेकप्रमाणे शरीराचा वेग रोखून धरतात. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिची जाणीव त्याच वेळी होते असे नाही. वेदना साधारण एक ते तीन दिवसांनी शिगेस पोहोचते आणि मग जिना उतरताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. मोठ्या दौडीत मात्र पहिल्या दोन उतारांवर बेफाम धावलेल्या स्पर्धकाच्या मांड्या तिसऱ्या उतारापर्यंत थरथरू लागतात. दम शिल्लक असतो, परंतु पाय ऐकत नाहीत. थकलेला पाय नीट उचलला जात नाही, आणि अशा वेळी एखादा सुटा दगडही पाडावयास पुरेसा होतो.

यावर उपाय आहे आणि तो बिनखर्चाचा आहे. स्नायूंना उताराची एकदा ओळख झाली की पुढचे काही आठवडे तोच उतार त्यांना कमी इजा करतो, असे शरीरशास्त्राच्या अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणून उतार हा सरावाचा स्वतंत्र विषय मानावा. आरंभी सौम्य उतारावर दहा-पंधरा मिनिटे सावकाश धावावे. पायांतील दुखणे पूर्ण ओसरल्यावरच पुन्हा उतारावर जावे आणि काही आठवड्यांनी तीव्रता व वेळ वाढवावी. शर्यतीपूर्वीचा शेवटचा कठीण उतार दहा ते चौदा दिवस आधी व्हावा, म्हणजे इजा भरून येते आणि कमावलेली सवय शिल्लक राहते.

उतरण्याची रीतही शिकावी लागते. पावले आखूड आणि भराभर टाकावीत. शरीर मागे झुकवून टाचेवर जोर दिला की पाय घसरतो, म्हणून धड उताराला धरून किंचित पुढे ठेवावे. हात शरीरापासून दूर, तोल सावरण्यास मोकळे असावेत. दृष्टी पायाशी न खिळता चार-पाच पावले पुढची वाट वाचीत असावी. आपल्याकडील मुरमाड उतारावरील घसारा, म्हणजे सुट्या खडीचा थर, विशेष फसवा असतो. कोरडा कातळ पायाला चांगली पकड देतो. मात्र तोच ओला आणि शेवाळलेला असताना त्यावर धावणे टाळावे. गुरांमागे किंवा दुधाची चरवी घेऊन रोज उतरणारा माणूस कोठे पाय टाकतो आणि कोठे टाळतो, हे नवशिक्याने पाहण्यासारखे असते.

चोवीस आठवड्यांचा आराखडा

पूर्वी एकदा तरी एकवीस किलोमीटर सलग धावलेल्या निरोगी प्रौढ व्यक्तीस डोंगरी मॅरेथॉनच्या तयारीसाठी सुमारे चोवीस आठवडे हाताशी असावेत. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब अथवा दमा असणाऱ्यांनी, तसेच चाळिशी ओलांडल्यावर प्रथमच या वाटेला जाणाऱ्यांनी आरंभीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलामुलींना या पल्ल्यात उतरवू नये. त्यांच्यासाठी लहान पल्ल्याच्या रानवाटेवरील शर्यती पुष्कळ आहेत. त्यांतून पाय तयार होतात आणि आवडही टिकते.

पहिले आठ आठवडे पाया घालण्याचे आहेत. आठवड्यातून चार दिवस धावावे, एक दिवस ताकदीचा व्यायाम करावा आणि दोन दिवस विश्रांती घ्यावी. धावण्याचा वेग एवढाच असावा की सोबत्याशी सलग बोलता यावे. आठवड्याचे एकूण अंतर एकदम न वाढविता सुमारे दहा टक्क्यांच्या बेताने वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात ते एक-तृतीयांश कमी करावे. डिसेंबरातील दौडीसाठी हा काळ पावसाळ्यात येतो. त्या दिवसांत कडेकपारींच्या निसरड्या वाटांवर साहस करू नये. गावचा घाटरस्ता किंवा माळरान पुरेसे आहे.

नंतरचे आठ आठवडे डोंगराचे. आता आठवड्यातून दोन दिवस चढ-उतार असावा. एकूण चढाची नोंद ठेवावी. आरंभी आठवड्याला तीनशे मीटर, आणि पायांना सोसेल त्याप्रमाणे वाढवीत हजार-बाराशे मीटरांपर्यंत जावे. तीव्र चढावर धावण्याचा हट्ट धरू नये. तेथे हात मांडीवर टेकवून झपाझप चालणारा धावणाऱ्याच्या बरोबरीनेच वर पोहोचतो आणि त्याची शक्तीही कमी खर्च होते. जेथे डोंगर जवळ नाही तेथे धरणाचा बांध, टेकडीवरील मंदिराच्या पायऱ्या किंवा शाळेचा जिनाही उपयोगी पडतो.

सतराव्यापासून एकविसाव्या आठवड्यापर्यंत प्रत्यक्ष शर्यतीची तालीम करावी. आठ-दहा दिवसांतून एकदा चार ते सहा तासांची दीर्घ फेरी घ्यावी आणि तीत शर्यतीच्या दिवशी वापरावयाचे बूट, पिशवी, कपडे आणि खाणे यांचीच परीक्षा पाहावी. शर्यत पहाटे अंधारात सुरू होणार असेल, तर विजेरी डोक्याला बांधून चालण्याचाही सराव करावा. सर्वांत मोठी फेरी शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपावी. अखेरचे तीन आठवडे अंतर क्रमाने कमी करीत जावे. या काळात अंगात उत्साह साठतो आणि आणखी एक मोठी फेरी मारण्याचा मोह होतो. तो आवरावा, विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे.

ताकदीच्या व्यायामासाठी महागडी साधने लागत नाहीत. तालमीतील बैठका, पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणे, टाचा उचलणे, एका पायावर तोल धरून उभे राहणे आणि पोट व कंबर यांचे साधे व्यायाम आठवड्यातून एक-दोनदा केले तरी गुडघा आणि घोटा यांना मोठे संरक्षण मिळते. बूट खोल खाचांच्या तळाचे आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले असावेत. उतारावर पाऊल पुढे सरकून नखे दुखावतात, म्हणून नखे कापलेली आणि नाडी घट्ट असावी. नवे बूट शर्यतीच्या दिवशी प्रथम घालू नयेत.

पाणी, मीठ आणि शिदोरी

शरीरात पिष्टमय पदार्थांची जी शिल्लक असते ती साधारणपणे दोन-तीन तासांच्या जोरदार श्रमांना पुरते. डोंगरी मॅरेथॉन त्याहून पुष्कळ लांबते, म्हणून वाटेत खात राहणे अपरिहार्य आहे. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत, असे क्रीडा आहारशास्त्र सांगते. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. गूळ-शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हे आपल्या घरचे पदार्थही या कामी उत्तम आहेत. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच थोडे थोडे खावे आणि जे सरावात पचले तेच शर्यतीत खावे.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके घातक आहेत. पाणी कमी पडले तर शरीर तापते हे सर्वांस ठाऊक असते. मात्र तहान नसतानाही सतत पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते, हे फारसे ठाऊक नसते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांतील १३ टक्के धावपटूंमध्ये सोडियम कमी झालेले आढळले. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजणे, बोलण्यात असंबद्धपणा ही त्याची लक्षणे होत. अशा व्यक्तीस आणखी पाणी पाजल्यास अपाय होतो. म्हणून तहानेप्रमाणे प्यावे आणि साध्या पाण्याबरोबर जलसंजीवनी, मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा ताक यांचाही आधार घ्यावा. आपल्याला घाम किती येतो हे कळण्यासाठी सरावाच्या तासाभराच्या धावण्यापूर्वी व नंतर वजन करून पाहावे. वजनातील घट ही बव्हंशी गेलेल्या पाण्याची असते. वजन पूर्वीपेक्षा वाढलेले आढळल्यास पाणी अतिरिक्त झाले असे समजावे.

दुखणे दाबण्यासाठी शर्यतीपूर्वी किंवा शर्यतीत वेदनाशामक गोळ्या घेण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. शरीर तापलेले आणि पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात, त्या टाळाव्यात.

हवामान आणि रानातील धोके

पश्चिम घाटात डिसेंबराच्या पहाटे थंडीने हात बधिर होतात आणि दुपारी त्याच उघड्या माचीवर ऊन भाजून काढते. एकाच दिवसात दोन ऋतू भोगावे लागतात, त्याप्रमाणे कपड्यांची योजना असावी. उष्ण हवेत श्रम करण्याची सवय शरीराला लागण्यास एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून केवळ पहाटेच सराव करणाऱ्याने अखेरच्या महिन्यात काही फेऱ्या उन्हे चढल्यावरही घ्याव्यात.

घाम येत असूनही कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा चिडचिड करू लागला, तर उष्माघाताची शंका घेऊन तत्काळ हालचाल करावी. घाम आटलेला नाही म्हणून उष्माघात नसावा, असा तर्क करू नये. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते. रुग्णास सावलीत आणून कपडे सैल करावेत. अंगावर थंड पाणी ओतून वारा घालावा आणि शक्य असल्यास पाण्याच्या मोठ्या टाकीत मानेपर्यंत बसवून डोके धरून ठेवावे. आधी शरीर थंड करणे आणि मग रुग्णालयात नेणे, हा क्रम जीव वाचविणारा आहे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस त्याच वेळी पाचारण करावे.

गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते. धूर, तीव्र अत्तरे आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात आणि अरुंद वाटेवर पळण्यास जागा नसते. मार्ग आखताना अशी ठिकाणे वगळावीत. दगडांच्या सांदीत फुरसे असू शकते, म्हणून न पाहता हात घालू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांत वेळ न दवडता तो अवयव स्थिर ठेवून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या दवाखान्यात रुग्णास न्यावे.

गान्सूचा धडा

तयारी कोणत्या कारणाने अपुरी ठरते, याचे सर्वांत करुण उदाहरण चीनमधील आहे. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतातील बायिन परिसरात १०० किलोमीटरची डोंगरी दौड झाली. १७२ स्पर्धक धावले. दुपारच्या सुमारास, सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील उघड्या चढावर, एकाएकी थंडगार पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. बहुतेक स्पर्धक तोकड्या कपड्यांत होते. वारा अडविणारे जाकीट बाळगणे सक्तीचे नव्हते. त्या टप्प्यावर वाहन पोहोचण्याची सोय नव्हती. थंडीने शरीर गारठून २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत चीनमधील नामांकित धावपटूही होते. म्हणजे मृत्यू आला तो सरावात कमी पडल्यामुळे नव्हे. नंतरच्या शासकीय चौकशीत आयोजन व संकटकालीन व्यवस्था यांतील त्रुटींवर ठपका ठेवण्यात आला आणि अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

त्या दिवशी सहा जणांचे प्राण वाचले ते एका स्थानिक मेंढपाळामुळे. पावसापासून बचाव करण्यासाठी तो डोंगरातील गुहेत थांबला होता. तेथे कपडे, पांघरूण आणि सरपण त्याने आधीपासून ठेवलेले होते. गारठलेल्या धावपटूंना त्याने आत आणून शेकोटीजवळ बसविले. डोंगरात हवा फिरली तर काय करावे, याची तयारी त्या माणसाने शर्यतीसाठी म्हणून केलेली नव्हती. ती त्याच्या रोजच्या जगण्याचा भाग होती.

ग्रामपंचायत आणि शासकीय यंत्रणा यांची जबाबदारी

या घटनेवरून आपल्याकडे काय करावयास हवे, हे स्पष्ट होते. दौडीस सहकार्य देण्यापूर्वी ग्रामपंचायतीने आणि संबंधित अधिकाऱ्यांनी आयोजकांना काही थेट प्रश्न विचारावेत. मार्ग आखताना स्थानिक वाटाड्या सोबत होता काय? प्रत्येक चौकीवर स्पर्धकांची क्रमांकवार नोंद होईल काय आणि शेवटच्या स्पर्धकामागून कोणी चालत येणार आहे काय? जेथे रुग्णवाहिका पोहोचत नाही, तेथून जखमी व्यक्तीस खाली कसे आणणार? पाण्याची सोय किती किलोमीटरवर आहे? ठरावीक वेळेत चौकी न गाठणाऱ्यास थांबविले जाईल काय? हवा बिघडल्यास शर्यत थांबविण्याचा अधिकार कोणा एका नेमक्या व्यक्तीकडे आहे काय? शिट्टी, विजेरी, पाणी, वारा अडविणारे जाकीट आणि भारित भ्रमणध्वनी या वस्तू सक्तीच्या करून आरंभरेषेवर त्यांची तपासणी होणार आहे काय? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळावीत. ती समाधानकारक नसतील, तर नकार देणे हेही कर्तव्यच होय.

संरक्षित वनातून किंवा अभयारण्यातून मार्ग जात असल्यास वन विभागाची आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीतून जात असल्यास पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून राजगडासह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अशा ठिकाणी तटबंदीवरून धावणे, दगडांवर रंगाने खुणा करणे किंवा शेकडो पायांनी एकाच वेळी कच्ची वाट तुडविणे यांमुळे होणारी हानी भरून येत नाही. खुणांसाठी कापडी फिती वापराव्यात आणि त्याच दिवशी काढून घ्याव्यात. गडावरील टाक्यांचे पाणी हे तेथे राहणाऱ्यांचे आणि रानातील जनावरांचे असते. शर्यतीसाठी लागणारे पाणी खालून न्यावे.

गावाचा सहभाग केवळ चहा-नाश्त्यापुरता नसावा. वाटाडे, चौकीवरील स्वयंसेवक आणि जखमींना उचलून आणणारी पथके गावातील तरुणांतून तयार करावीत. त्यांना प्रथमोपचाराचे शिक्षण मिळावे आणि कामाचा योग्य मोबदला आयोजकांनी द्यावा. हे शिक्षण शर्यतीच्या एका दिवसानंतर वाया जात नाही. भटकंतीस आलेला पर्यटक घसरून पडतो, पावसाळ्यात दरड कोसळते किंवा रात्री-अपरात्री बाळंतिणीला डोलीतून खाली आणावे लागते, तेव्हा हेच हात उपयोगी पडतात.

शिक्षकांनीही या निमित्ताने शाळेत रानवाटेवरील चालणे-धावणे, नकाशा वाचणे आणि हवा ओळखणे यांची गोडी लावावी. लांब पल्ल्याच्या धावण्यात या राज्याने मोठे खेळाडू दिले आहेत. सातारा जिल्ह्यातील माणदेशाच्या ललिता बाबर, नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागातील कविता राऊत आणि बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील अविनाश साबळे हे तिघेही ग्रामीण भागातून येऊन ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. डोंगरातील पाड्यांवरून रोज शाळेत चालत येणाऱ्या मुलामुलींच्या पायांत असे सामर्थ्य असू शकते. ते ओळखावे, परंतु घाईने पिळून काढू नये. योग्य वय, क्रमाक्रमाने वाढणारा सराव, पोटभर अन्न आणि दुखापतीनंतर पुरेशी विश्रांती या चार गोष्टी जेथे मिळतील, तेथे तो विद्यार्थी वयात आल्यावर डोंगरी मॅरेथॉनही सुखरूप पुरी करील आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी गड उतरून घरी येईल.